होडीची दुसरी बाजू

हिरे, आज उठल्याउठल्या तळाची फळी उचलून पाणी बघितलं. चार बोटं होतं. तू असतीस तर आधी बोट बुडवून जिभेला लावलं असतंस आणि निकाल दिला असतास, "खारं आहे रे फिटर, सांध्यातून येतंय," नाहीतर, "गोडं आहे, तुझं पिंप गळतंय." मीही बोट जिभेला लावलं. खारं होतं. डबा घेतला आणि उपसायला बसलो. उपसता उपसता तुला सांगत होतो की डाव्या अंगाला, पुढून तिसऱ्या फळीपाशी सांध्यात ठोकलेली सुताची वात सुटली असणार, पुढच्या उधाणाला बघू. तुझं "हं" आलं नाही. तेव्हा डबा तसाच पाण्यात सोडून बसून राहिलो.

अठरा दिवस झाले तुला जाऊन.

लोक भेटायला येतात. जेट्टीवर उभे राहून हाक मारतात, होडीवर यायची त्यांना भीती वाटते. मग मीच किनाऱ्यावर जातो. प्रत्येक जण शेवटी तेच बोलतो. खोलीत राहत असता तर. माझा दादा म्हणतो, होडीला इंजिन असतं तर. मी मान हलवतो. त्या दिवशी सकाळी काय झालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. तीन दिवसांपूर्वी एका माणसाला सांगितलं. तेच तुला सांगायचंय. पण मधूनच सुरू केलेली गोष्ट तुला कधी चालली नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तुला माहीत असलेलंही सांगतो. ऐकून घे.

मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत फिटर, तू शेजारच्या गाळ्यात पॅकिंगला. दोन वर्षं आपण एकमेकांचे डबे खाल्ले. तुझ्या डब्यातला सुका जवळा मला आवडायला लागला, तेव्हा तू म्हणालीस, आता बाबांना भेट. खाडी ओलांडून गोराईला आलो. तुझे बाबा किनाऱ्यावर जाळं शिवत बसले होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मी म्हटलं, मूळ साताऱ्याकडचा, आता घाटकोपरला, बुद्धविहाराच्या मागे. त्यांची सुई थांबली. पुन्हा चालू झाली. म्हणाले, "दर्यात न पोहणाऱ्याला आमी पोरगी देत नाय." खरं कारण काय ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि पलीकडे कोळंबी निवडत बसलेल्या बायकांनाही माहीत होतं. तू एकटीच बोललीस. "मग त्याला पोहायला शिकवते," म्हणालीस.

रजिस्टर लग्नाच्या आदल्या दिवशी तू घरातून निघालीस. बाबांनी विचारलं, तुझ्या नावचं सोनं नेतेस का? तू म्हणालीस, "सोनं राहू द्या. आजोबांचा मचवा द्या." शिडाची ती जुनी होडी तिवरांच्या झाडीत कैक वर्षं पडून होती. बाबांच्या सगळ्या होड्यांना इंजिनं बसली होती, मचवा कोणालाच नको होता. "घेऊन जा," ते म्हणाले, "आणि मग गोराईत पाय ठेवू नको." एवढंच तू मला कधीतरी सांगितलंस, तेही वल्ही मारता मारता, पाठ माझ्याकडे करून.

आपल्याला दुसरी जागाच नव्हती. घाटकोपरच्या खोलीत आम्ही आठ जण. संपानंतर गिरणी सुटलेले वडील दिवसभर खोलीत, त्यात दादाचं नुकतं लग्न झालेलं. आई म्हणाली, "पोरी, तुला जागा द्यायला माझी ना नाही, पण भिंतच नाही म्हणते त्याला मी काय करू?" म्हणून बोरीवलीच्या बाजूला, जेट्टीपासून जरा आत, तिवरांच्या आडोशाला आपण मचवा नांगरला. समोर तुझं गाव. मधे खाडी. तीन वर्षं तू रोज सकाळी तुझ्या गावाकडे तोंड करून दात घासलेस.

मला पहिल्या महिन्यात होडी म्हणजे एक बिघडलेलं मशीन वाटत होतं. कुठे हलतं, कुठे गळतं, कुठे कुरकुरतं. मी कारखान्यातून लोखंडी स्क्रू आणले आणि गळणारी फळी चारी बाजूंनी घट्ट आवळली. झकास काम केलं म्हणून तुला दाखवायला बोलावलं. तू नुसता फळीवरून हात फिरवलास. चार महिन्यांनी तिथून गंजाचे लाल ओघळ यायला लागले. एक दिवस कारखान्यात डबा उघडतो तर झाकणाखाली, भाकरीच्या वर, कागदात गुंडाळलेले ते सगळे स्क्रू, गंजानं खाऊन निम्मे झालेले. तू एकटीनं ते उपसून काढून तांब्याचे खिळे ठोकले होतेस. संध्याकाळी मी तोंड पाडून आलो. तू म्हणालीस, "लाकूड पाणी पितं आणि फुगतं. फुगलं की सांधा आपोआप मिटतो. तू त्याला फुगायला जागाच ठेवत नाहीस, फिटर."

पण स्टोव्ह माझा. ते तुला मान्य करावंच लागेल. होडी डुलली की पातेलं घसरायचं, दोनदा कालवण सांडलं, एकदा तुझ्या पायावर. मी लेथवर दोन कड्या काढल्या, एकात एक फिरणाऱ्या, आणि स्टोव्ह त्यात असा टांगला की होडी कुठेही कलली तरी पातेलं सरळ. पहिल्या दिवशी तू भात लावलास आणि मुद्दाम एका बाजूला जाऊन उभी राहिलीस, मग दुसऱ्या. होडी डुलवत राहिलीस. भात जागचा हलला नाही. तू टाळ्या वाजवल्यास. मला कंपनीत पंधरा वर्षांत कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

पोहायला तू खरंच शिकवलंस. माझ्या कमरेला दोर, दोराचं टोक तुझ्या हातात, आणि पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधलेला. ओहोटी संपून पाणी थांबायचं तेवढ्या वेळात उतरायचो. मी नाकातोंडात पाणी जाऊन ओरडायचो, "वाट लागली, ओढ!" तू वरून म्हणायचीस, "पाय मार, मग ओढते." कधीच ओढलं नाहीस. एके दिवशी मी होडीला वळसा घालून आलो आणि बघतो तर दोर तू केव्हाच सोडून दिलेला, नुसता माझ्या मागे तरंगतोय. किती शिव्या दिल्या मी तुला. आणि तू पार वाकून हसत होतीस.

बाकी तेच रोजचं, ज्यात दिवस जायचा. जेट्टीच्या नळावरून पाण्याचे कॅन आणायचे. रेशनचं रॉकेल आणायचं. कपडे खाडीच्या पाण्यात धुतले की वाळल्यावरही चिकट राहायचे, म्हणून शेवटचं खळबळून काढायला गोडं पाणी, आणि त्यावरून भांडण. शिडाला ठिगळ लावायचं तू बसून, मी सुईत दोरा ओवून द्यायचा. डासांसाठी ओल्या नारळाच्या शेंड्या पेटवायच्या. माझी आई एकदा राहायला आली, चपला हातात धरून होडीवर चढली आणि दिवसभर त्या तिनं खाली ठेवल्या नाहीत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "घर लहान आहे, पण पोरीनं लख्ख ठेवलंय." मी ते तुला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, आता आठवत नाही. काहीतरी भांडण चालू असेल. मग राहूनच गेलं. आता सांगतो. आई म्हणाली, पोरीनं लख्ख ठेवलंय.

आणि आपलं मोठं भांडण, इंजिनचं. मी फिटर माणूस. वारा पडला की तासन्‌तास बसून राहायचं मला पटत नव्हतं. इस्टेटीत एक जुनं डिझेल इंजिन पडून होतं, मी ते सुट्टीच्या दिवशी जाऊन दुरुस्त करत होतो. तू म्हणालीस, "आण तू इंजिन. मी उतरते." बाबांच्या होड्यांतलं डिझेल, तो धूर, तो आवाज, मासळीला येणारा वास, सगळं ऐकवलंस. मी म्हटलं, "सगळी खाडी इंजिनावर चालते, तूच तेवढी शहाणी?" तू म्हणालीस, "माझी होडी आहे." मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "हो, तुझीच. मी काय, भाडेकरू." दोन दिवस आपण बोललो नाही. होडीवर दोन दिवस न बोलणं म्हणजे काय असतं ते घरात राहणाऱ्यांना कळणार नाही. जायला दुसरी खोली नसते, गच्ची नसते. एकजण पुढे बसतो, एकजण मागे. तिसऱ्या दिवशी तू बांगडा तळलास, डोक्याकडचा तुकडा माझ्या ताटात टाकलास आणि विषय तिथेच पडून राहिला. मिटला नाही.

जायच्या आधीच्या आठवड्यात तू एकच मागणी केली होतीस. झोपायची फळी वीतभर रुंद कर. मी म्हटलं, कशाला, दोघांना पुरते की. तू म्हणालीस, "कर ना. पुरत नाही." मी म्हटलं, लाकूड शिल्लक नाही, पुढच्या महिन्यात बघू. हिरे, तुला माहीत होतं का? की नुसतंच उकडत होतं म्हणून फळी रुंद हवी होती? एवढं एक मला कोणी सांगू शकत नाही.

आता तो रविवार.

पुनवेचं उधाण होतं. दुपारी भरती टिपेला आली की होडी तिवरांजवळच्या उंच चिखलावर न्यायची, दोरांनी बांधायची, पाणी उतरलं की ती एका कुशीवर कलते. मग उघड्या पडलेल्या बाजूची कालवं खरवडायची, सुटलेल्या सांध्यांत सुताची वात ठोकायची, वरून राळ नि तेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुशीवर कलवून दुसरी बाजू. हे सगळं तूच मला शिकवलेलं. मी सोमवारची रजा टाकली होती. राळ आणून ठेवली होती.

सकाळी तू चहा गाळताना म्हणालीस, "पोटात दुखतंय रे. आज राहू दे का?"

मी म्हटलं, "उधाण गेलं की पंधरा दिवस थांबावं लागेल. तोवर किडा फळ्या खाईल. तूच म्हणतेस ना?"

तू म्हणालीस, "बरं."

एवढंच झालं. मी रागावलो नव्हतो. तूही रुसली नव्हतीस. चहा घेतला, तू पदर खोचलास. दुपारी होडी लावली, पाणी उतरलं, आणि आपण गुडघाभर चिखलात उभे राहून कामाला लागलो. मी खरवडत होतो, तू वात ठोकत होतीस. तुझी लाकडी मोगरी नेहमीच्या तालात पडत होती. मधेच म्हणालीस, "खांदा दुखतोय. पोट दुखतं ते ठीक, खांदा कशाला दुखतो?" मी खांदा चोळून दिला. म्हटलं, ठोकून ठोकून दुखत असेल. शेवटच्या सांध्यावर राळ फिरवून झाली आणि तू चिखलात बसलीस. मला वाटलं, दमलीस. पाणी दिलं. तुझे ओठ पांढरे झाले होते, आणि तू पाणी न पिता नुसतं हातात धरून ठेवलंस.

होडीपासून जेट्टीपर्यंत नुसता चिखल होता, मांड्यांपर्यंत रुतवणारा. पाणी परत चढायला अजून कित्येक तास होते. मी तुला उचललं आणि चार पावलांत कमरेपर्यंत आत गेलो. परत आलो. फेरीच्या बोटीवरच्या काशिनाथला हाका मारल्या, घसा फुटेस्तोवर. तो आणि त्याचा भाऊ चिखल तुडवत आले. मी होडीत चढून आपली झोपायची फळी उचकटून काढली, चिखलावर टाकली, तुला तिच्यावर निजवलं आणि दोर बांधायला लागलो. तू डोळे उघडून बघत होतीस. म्हणालीस, "अशी गाठ नको. सुटेल. दोन वेढे दे." मी दोन वेढे दिले.

आम्ही तिघांनी फळी ओढत नेली. मी डोक्याकडे होतो, मला तुझा चेहरा उलटा दिसत होता. मी काय बोलत होतो कोण जाणे, बहुतेक इंजिनाबद्दलच बडबडत होतो, की ते आणलं असतं तर, ते बसवलं असतं तर. तू हळूच म्हणालीस, "ए फिटर." मी वाकलो. म्हणालीस, "इंजिन असतं तरी चिखलात काय चालवलं असतंस?"

आणि हसलीस, गं. त्या पांढऱ्या ओठांनी.

मी ते कितीदा ऐकलं असेल या अठरा दिवसांत. तू भांडण जिंकत होतीस की मला सोडवत होतीस, हे ठरवता येत नाही. दादा इंजिनाचं बोलतो तेव्हा मी गप्प बसतो, कारण त्याचं उत्तर तू देऊन गेलीस. पण सकाळच्या चहाचं उत्तर दिलं नाहीस. ते कोणी विचारलंच नाही ना.

रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. बोरीवलीच्या हॉस्पिटलात त्यांनी तुला लगेच आत नेलं. डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या आणि विचारलं, "किती महिने?" मी म्हटलं, "कसले?" त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि मग मला सगळं नीट समजावून सांगितलं, घाईत असूनही. गर्भ पिशवीत राहिला नव्हता, नळीत राहिला होता, नळी फुटली होती, सगळं रक्त पोटात साठत होतं. मी कागदावर सही केली. कागदावर चिखल लागला. मी कमरेपासून खाली चिखलानं माखलेला होतो आणि तो वाळून माझ्या अंगावरून पोपडे गळत होते. एक आया येऊन ते झाडत होती. मला बाजूला हो असंही ती म्हणाली नाही. माझ्या पायांभोवतीनं झाडत राहिली. दिवे लागायच्या आत डॉक्टरीणबाई परत आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

स्मशानात तुझे बाबा आले होते. लांब, भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे गेलो नाही, ते माझ्याकडे आले नाहीत.

काशिनाथनं मचवा परत जागेवर आणून नांगरला होता. मी तेरा दिवस घाटकोपरला होतो. मग इथेच आलो. आईनं अडवलं नाही, दादानं अडवलं. झोपायची फळी काशिनाथनं धुऊन आणून ठेवली होती. मी ती जागेवर बसवली आणि तिच्यावर झोपलो नाही. खाली झोपतो.

मग अवसेच्या दिवशी, भरती चढत असताना, एक लहान होडी वल्हवत तुझे बाबा आले. एकटेच. मचव्याला लागले आणि वर न बघता विचारलं, "दुसरी बाजू राहिलीय ना?"

मी म्हटलं, "हो."

"आज उधाण हाय," ते म्हणाले. त्यांच्या होडीत राळेचा डबा होता, मोगरी होती, सुताच्या वातींची गुंडाळी होती.

आम्ही मचवा त्याच चिखलावर नेला. दोर बांधले. पाणी उतरेपर्यंत ते नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, पाठमोरे बसून विडी ओढत होते. होडी दुसऱ्या कुशीवर कलायच्या आधी ते खाली उतरले आणि झालेल्या बाजूवरून हात फिरवत गेले, पुढून मागेपर्यंत, सगळ्या सांध्यांवरून. एका ठिकाणी थांबले.

"ही वात कोनी भरली?"

"तिनं."

थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबले. "आनि ही?"

"ती मी. मागच्या वेळची आहे."

ते काही वेळ बोटानं चाचपत राहिले. "फरक कलत नाय," म्हणाले. हिरे, तू हे ऐकायला हवं होतंस. तू मला तीन वर्षांत एवढं चांगलं कधी म्हणाली नाहीस.

मग काम. ते ठोकत होते, मी खरवडत होतो. त्यांची मोगरी तुझ्यासारखीच पडते, दोन हलक्या आणि एक जोरात. मला दोनदा काम थांबवून तोंड धुवावं लागलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "तिनं कदी माजं नाव काढलं?"

मी म्हटलं, "रोज. राळ जास्त तापली की म्हणायची, बाबांनी बघितलं असतं तर ओतून टाकली असती. दोर नीट गुंडाळला नाही की म्हणायची, बाबा असा दोर पायाखाली घेणार नाहीत. तुमचं ऐकून ऐकून मी वैतागलो होतो."

ते ठोकायचे थांबले नाहीत. फक्त ताल चुकला.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. चहाचं. ती म्हणाली होती पोटात दुखतंय, आज राहू दे का. आणि मी म्हणालो होतो उधाण जाईल. मला वाटलं, आता हा माणूस मोगरी माझ्या डोक्यात घालेल. घातली असती तर बरं वाटलं असतं मला, खरं सांगतो.

ते चिखलातच उकिडवे बसले. म्हणाले, "धा वरसांची व्हती. अंगात ताप. म्हनाली, बाबा, आज नाय येत. मी म्हटलं, होडीवर बसून ताप उतरतो. नेली. दिवसभर जाळं ओढलं तिनं. तवापासून कदी नाय म्हनाली नाय कामाला." त्यांनी मोगरीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला. "ते 'बरं' म्हनायला तिला मी शिकवलं. तुजं येकट्याचं नाय ते."

मी रडलो. ते नाही रडले. त्यांनी राळेचा डबा पुन्हा विस्तवावर ठेवला, कारण ती थंड होत आली होती आणि हातभर सांधा बाकी होता. तो आम्ही दोघांनी पुरा केला.

सूर्य खाली उतरला होता. त्यांनी हात तेलानं पुसले आणि म्हणाले, "चल. म्हातारीनं जेवन ठेवलंय. पानी चढायच्या आत परत आनतो तुला."

चिखल तुडवत जेट्टीवर आलो आणि काशिनाथच्या बोटीनं पलीकडे गेलो. काशिनाथ आम्हा दोघांकडे बघून इंजिन चालू करायला वाकला. गोराईच्या धक्क्यावर उतरताना माझा पाय अडखळला. तुझ्या गावात तीन वर्षांत मी पहिल्यांदा आलो होतो, आणि तुझं घर तर मी कधी बघितलंच नव्हतं. वाटेत लोक बघत होते. बाबा कोणाकडे न बघता पुढे चालत होते, मी मागे. दोघांच्या अंगावर सारखाच चिखल.

तुझी आई अंगणात तांब्या घेऊन उभी होती. तिनं आधी बाबांच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या. तिचा हात तुझ्यासारखा आहे, मनगटापाशी. मी वर बघितलं नाही. बाबा आत गेले. आईनं तांब्या कट्ट्यावर ठेवला, दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ये बाबा. आत ये."

मी दारापर्यंत गेलो आणि एक पाऊल बाजूला सरलो, तू आधी आत जावीस म्हणून.

मला उमगायच्या आधी तुझ्या आईला उमगलं. पदर सावरून तीही बाजूला झाली, आणि तेवढा वेळ दार मोकळं राहिलं.